पाकिटातल्या पैशांचं अहमदाबाद

"अडीच दिवस, एक झकास हॉटेल, आणि कुणाचाही डबा करायचा नाही." पंतचा निरोप एवढाच होता.

पंत ही माझी कॉलेजातली मैत्रीण. खरं नाव लिहायचं नाही, ही तिची अट. कट्ट्यावरचे सगळे निर्णय तीच घ्यायची म्हणून आधी 'पंतप्रधान' आणि मग नुसतीच पंत. ती पुण्यात, मी ठाण्यात. मुलं मोठी झाली की दोघींनीच कुठेतरी जायचं, हे वीसेक वर्षं ठरत होतं. दर वेळी कुणाची तरी दहावी, कुणाच्या तरी सासूबाईंचा गुडघा आडवा यायचा. या वेळी पंतने तिकिटं काढूनच फोन केला. अहमदाबाद, जानेवारीचा पहिला आठवडा, गुरुवार ते शनिवार. मी खर्चाचं विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडे एक पाकीट आहे, ते संपवायचंय." कसलं पाकीट ते तिने सांगितलं नाही, आणि तिकिटं हातात असताना मीही जास्त चौकशी केली नाही.

घरी सांगितल्यावर नवऱ्याचा पहिला प्रश्न: "दोघी मजा करायला निघालात, आणि ती दारूबंदीच्या राज्यात?" त्याला काय कळणार. गुजरातेत मजा ताटात असते.

गुरुवार

पहाटे चारला उठून घोडबंदर रोडने बोरिवली गाठलं. पंत आदल्या रात्रीच माझ्याकडे मुक्कामाला आली होती, आणि रात्री दीडपर्यंत गप्पा मारल्याने दोघींचेही डोळे तांबारलेले. वंदे भारतमध्ये बसलो आणि झोपलो. सुरत कधी आलं ते मला कळलं नाही. पंत म्हणते तिला कळलं, कारण तिथे पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, मिळतो आणि तो घ्यायला उतरता आलं नाही. साडेअकराच्या सुमारास अहमदाबाद.

स्टेशनबाहेर पडल्यावर पहिली नजर गेली ती स्कूटरींवर. प्रत्येक हँडलला तारेची एक उभी कमान. उत्तरायण आठवड्यावर आलेलं, शहरभर पतंग, आणि कापलेला मांजा चालत्या स्कूटरवाल्याच्या गळ्याशी येतो, म्हणून ही कमान. रिक्षावाल्याने हे इतक्या सहज सांगितलं, जसं आपल्याकडे पावसाळ्यात कुणी सीटवर प्लास्टिक का घातलंय ते सांगावं.

हॉटेल म्हणजे लाल दरवाजा भागातलं हाऊस ऑफ एमजी. एमजी म्हणजे महात्मा गांधी असं मी गृहीत धरलं होतं. ते मंगलदास गिरधरदास निघाले, कापड गिरण्यांचे मालक. १९२४ मध्ये त्यांनी हा बंगला बांधला. गिरण्यांनी हे शहर श्रीमंत केलं तेव्हाची ही घरं, आणि गिरण्या बसल्यावर त्यातली कितीतरी पडली किंवा पाडली गेली. हे वाचलं, कारण घरच्याच पुढच्या पिढीने त्याचं हॉटेल केलं. बाहेर शहरातला सगळ्यात गजबजलेला चौक, बसचे हॉर्न, शेंगदाणेवाले. आणि फाटकातून आत चार पावलं टाकली की रंगीत फरशा, उंच छत, कोपऱ्याकोपऱ्यात झोपाळे.

मी आयुष्यात महागड्या हॉटेलांत फार राहिलेली नाही. जी पाहिली त्यांत मला नेहमी असं वाटलं, की खोलीचं दार लावलं की आपण कुठल्या गावात आहोत हे कळायला मार्ग नाही. बिछाना तोच, पांढरा. चित्र तेच, अमूर्त. इथे तसं नव्हतं. खोलीतला पलंग कुणाच्या तरी आजीच्या घरून आणल्यासारखा, कपाट जुन्या लाकडाचं. पंतने आल्या आल्या चादरीचा कोपरा बोटांत धरून पोत पाहिला आणि मान डोलावली. ती साड्यांतली दर्दी आहे. माणसांकडे बघायच्या आधी त्यांच्या पदराकडे बघते.

दुपारी खालच्या ग्रीन हाऊसमध्ये पानकी खाल्ली. केळीच्या पानाच्या दोन तुकड्यांत तांदळाच्या पिठाचा पातळ थर लावून भाजतात. पान अलगद सोडवायचं, आतून जाळीदार, हळदीची पापडी निघते. आपल्या पानग्याची ही नाजूक बहीण. पंतचं मत, "पानग्याने पोट भरतं. हिने फक्त मन भरतं." मग तिने आणखी दोन मागवल्या.

जेवून उठलो आणि सरळ झोपलो. दुपारी अडीच वाजता, हॉटेलात, फोन बंद करून. प्रवासवर्णनात झोपेबद्दल कुणी लिहीत नाही, पण या सहलीतली ती पहिली खरी चैन होती.

संध्याकाळी रस्ता ओलांडला. ओलांडला म्हणजे अक्षरशः तेवढंच, कारण सिदी सय्यदची मशीद हॉटेलच्या समोर उभी आहे, चहूबाजूंनी रहदारीच्या वेढ्यात. १५७२-७३ चं बांधकाम. बांधणारा सिदी सय्यद हा मूळचा हबशी, गुजरातच्या सुलतानशाहीतला सरदार. आणि ती सलतनत त्याच वेळी अकबराच्या हाती जात होती. राज्य बुडत असताना या माणसाने दगडात झाड कोरून घेतलं. मागच्या भिंतीतल्या कमानींत त्या प्रसिद्ध जाळ्या आहेत. एकीत खजुराचं झाड आणि त्याला वेढत गेलेल्या फांद्या, अशा की दगडाच्या आहेत हे विसरायला होतं. इथल्या आयआयएमच्या बोधचिन्हात हीच जाळी आहे, हे ठाऊक होतं. चिन्हात ती फारच गरीब दिसते. मधली कमान मात्र साध्या दगडांनी बुजवलेली. ती तशीच का राहिली याच्या कथा पुष्कळ. इंग्रजांच्या काळात इथे सरकारी कचेरी होती म्हणे. त्या जाळीतून येणाऱ्या उजेडात सारा वसुलीचे कागद लिहिणारा कुणी कारकून माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मला त्याचा हेवा वाटला.

जाळी बाहेरून बघायची, मागच्या बाजूने. अंधार पडल्यावर आतला दिवा लागतो तेव्हा तर नक्कीच. पंत बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "याची ब्रोकेड किती सुंदर होईल."

रात्री गच्चीवर, अगाशियेमध्ये. अगाशी म्हणजे गच्ची; आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही आगाशी असायची, आता शब्द मागे पडला. आधी गादीवर बसवून काहीतरी पेय हातात देतात, घाई करत नाहीत. मग काशाची थाळी. आणि मग सुरू होतं ते आक्रमण. ढोकळा, लीलव्याची कचोरी, दोन चटण्या, उंधियू, रिंगणाचा ओळो म्हणजे आपलं वांग्याचं भरीत, बाजरीचा रोटला, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला गूळ. लीलवा म्हणजे तुरीचे ताजे हिरवे दाणे. ते थंडीतच मिळतात, म्हणून गुजरातेत जेवायला जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच. उंधियूत सुरती पापडी, कंद, रताळं, छोटी वांगी, मेथीचे मुठिये. मुंबईत लग्नात वाढतात त्या तेलाच्या तवंगाशी याचं फक्त नावाचं नातं. इथे प्रत्येक भाजी आपापल्या चवीने हजर होती.

वाढणारे दादा कमालीचे हट्टी. "बेन, थोडुं तो लेवुं पडशे." पंतने थाळीवर आडवा हात धरला, तर त्यांनी हाताच्या कडेकडेने कढी ओतली.

मग पुरणपोळी आली. पुण्याची बाई आणि पुरणपोळी. पंतने घास घेतला, थांबली, परत घेतला. "यात हरभऱ्याची डाळ नाही." नसणारच, गुजरातेत पुरण तुरीच्या डाळीचं. पोळी लहान, जाडसर, तुपात डुंबलेली. मला आवडली. पंतने निकाल राखून ठेवला. दुसरी पोळी मागवली ती मात्र, तिच्या म्हणण्याप्रमाणे, निव्वळ अभ्यासासाठी.

खाली उतरून झोपाळ्यावर बसलो. रात्रीचे साडेदहा. चौकाचा आवाज भिंतीपलीकडून दबका येत होता. तिथे पंतने पाकिटाची गोष्ट सांगितली.

पेठेतला त्यांचा वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सगळीकडे वडिलांच्या पश्चात बहिणींची नावं लागलेली. भावाने फोन केला, वहिनीने केला, मग काकांनी केला. हक्कसोडपत्र. पंतने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन कॅमेऱ्यात बघितलं, अंगठा दिला, सही केली. बाहेर आल्यावर भावाने हातात एक पैठणी आणि एक पाकीट ठेवलं. एकवीस हजार. "ओवाळणी समज," म्हणाला.

"भांडण नाही झालं," पंत म्हणाली. "एकदाही आवाज चढला नाही. तेच राहून राहून खटकतंय. पैठणी नेसवत नाही. पाकीट घरात ठेवलं की त्या कपाटाकडे जावंसं वाटत नाही. म्हटलं खाऊन टाकू."

हॉटेल दोन रात्रींचं, दोघींचं. ते पाकीट काही पुरणार नव्हतं. वरचे मी घालीन म्हटलं. ती म्हणाली, "घाल. माझा हक्क सोडलाय, हट्ट नाही."

मी हसले, पण झोपताना अस्वस्थ होते. कारण दुसऱ्या दिवशी आम्ही जिथे जाणार होतो तिथल्या एका दगडाबद्दल मी वाचलं होतं, आणि पंतला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

शुक्रवार

पहाटे समोरच्या अजानने जाग आली. मग कबुतरं, मग पहिली बस. सकाळी पावणेआठला कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून महापालिकेची वारसा फेरी निघते, ती १९९७ पासून चालू आहे. मंदिर १८२२ चं, नखशिखान्त रंगवलेल्या लाकडी कोरीवकामाचं. तिथून पोळांमध्ये शिरायचं.

पोळ म्हणजे आपल्या पेठेतली आळी, पण तिला दार असलेली. दारावर पहारेकऱ्याची माडी. आत बोळ, बोळाला बोळ, मध्येच चौक, चौकात चबुतरा. चबुतरा म्हणजे बसायचा ओटा नव्हे. खांबावर उभारलेलं पक्ष्यांना दाणे टाकायचं नक्षीदार घरटं. शहर वसवताना झाडं गेली, तेव्हा पक्ष्यांची सोय म्हणून, असं मार्गदर्शकाने सांगितलं. अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेल्या या भिंतीआतल्या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा शहर म्हटलं, भारतातलं पहिलं. मला सगळ्यात आवडलं ते घरांच्या चौकाखालचं टांकं. छपरावरचं पावसाचं पाणी नळीने थेट तळघरातल्या हौदात उतरतं आणि वर्षभर प्यायला पुरतं. एका घरातल्या आजींनी आम्हाला वाकून ते दाखवलं. खाली काळोख, आणि त्यात आमचे दोघींचे चेहरे.

लांबेश्वरच्या पोळीत कवी दलपतरामांचं घर होतं. घर उरलं नाही. दर्शनी भाग पुन्हा उभारलाय आणि ओट्यावर कवी स्वतः बसलेत, कांस्याचे, माणसाएवढे. शेजारी एक शाळकरी मुलगा त्यांच्या मांडीवर दप्तर टाकून बुटाची नाडी बांधत होता. स्मारक असावं तर असं.

पुढे एका चौकात मार्गदर्शक म्हणाला, हे घर मराठा धाटणीचं. पंतने चष्मा वर करून पाहिलं. "हे? आमच्या वाड्याशी याचा काय संबंध?" मग एकदम गप्प झाली. 'आमच्या' या शब्दावर अडखळली असणार.

फेरी जामा मशिदीत संपते. १४२४ चं बांधकाम, दोनशे साठ खांब. आत उभं राहिलं की दगडाच्या जंगलात आल्यासारखं वाटतं, पण शिस्तीच्या. दर्शनी कमानीच्या दोन्ही बाजूंना मनोऱ्यांचे नुसते बुंधे. वरचे मनोरे १८१९ च्या कच्छच्या भूकंपात गेले. शुक्रवारच्या नमाजाची तयारी सुरू होती, चटया उलगडत होत्या, म्हणून आम्ही फार रेंगाळलो नाही.

मी ठरवलं होतं की इथून सरळ रिक्षा करायची आणि तीन दरवाजा टाळायचा. पण निरोप घेताना मार्गदर्शकाने विचारलं, तुम्ही महाराष्ट्रातल्या ना? मग तीन दरवाजावर तुमच्या लोकांचा लेख आहे, तो बघून जा. पंत लगेच निघाली. पंतप्रधान चालू लागल्यावर आपण मागून जायचं असतं.

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा. १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाडांनी अहमदाबाद मोगलांकडून घेतलं. मधे एकदा ते हातचं गेलं, पुन्हा मिळवलं, आणि मग १८१७ मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत शहर पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेलं होतं. भद्रच्या किल्ल्यात आजही भद्रकालीचं देऊळ आहे, ते मराठी अमलातलं. पण खरं सांगायचं तर मराठी राज्याची इथली आठवण गोड नाही. कर, वसुली, ओस पडत गेलेले मोहल्ले. आपण अटकेपार वगैरे म्हणतो तेव्हा वाटेतल्या गावांना काय वाटलं ते विचारत नाही.

आणि या सगळ्यात हा एक दगड. १८१२ चा. सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा हुकूम, देवनागरीत कोरलेला. आशय असा: बापाच्या मिळकतीतला मुलीचा वाटा बिनहरकत द्यावा, ही श्रीविश्वनाथाची आज्ञा आहे, न मानेल त्या हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्ला-रसूलपुढे जाब द्यावा लागेल.

तीन दरवाजा म्हणजे रस्त्यावरच तीन भव्य कमानी, आणि त्यांच्याखालून, आजूबाजूने, अंगावरून बाजार. मोजे, परकर, लहान मुलांचे लोकरी टोप, प्लास्टिकचे चाप. दगड शोधायला वेळ लागला. अक्षरं झिजलेली, धूळ बसलेली. सलग वाचता येईना, एखादा शब्द लागतो आणि निसटतो. पंत बोटाने हवेत अक्षरं गिरवत होती. मग माझ्याकडे वळली. "तुला माहितीये यात काय आहे. तुझ्या तोंडावर दिसतंय."

मी सांगितलं.

ती ऐकत राहिली. मागून परकरवाला "बेन, सौ का दो" ओरडत होता.

"कधीचा म्हणालीस?"

"अठराशे बारा."

"आपल्याकडे कायदा कधी झाला?"

"वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतक्या हक्काचा? महाराष्ट्रात १९९४. देशभर २००५."

"आणि मी सही केली गेल्या महिन्यात." ती जोरात हसली, इतकी की परकरवाला थांबला. "एवढ्या लांब येऊन, त्याच पाकिटाच्या पैशाने, हे वाचायचं होतं!"

मला वाटलं ती रडेल. तिने फोन काढला, चार-पाच फोटो घेतले, कोन बदलून, धूळ फुंकून. मग परकरवाल्याशी घासाघीस करून शंभरात तीन घेतले.

त्याच दरवाज्यात एक दिवा असतो. गोष्ट अशी सांगतात की एका रात्री लक्ष्मी शहर सोडून निघाली होती. दरवाज्यावरच्या कोतवालाने तिला ओळखलं आणि म्हणाला, बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर थांब. लक्ष्मीने शब्द दिला. कोतवाल गेला आणि त्याने आपला जीव दिला, म्हणजे तो परत येणार नाही आणि ती जाऊ शकणार नाही. तो दिवा तिच्यासाठी, आणि पिढ्यान् पिढ्या एक मुसलमान कुटुंब तो लावत आलं आहे. पंतचा शेरा: "बघ, बाईला थांबवायचं तर गोड बोलायचं. घरचेच करतात असं."

दुपारचा बेत कॅलिको म्युझियमचा होता. गौतम आणि गिरा साराभाईंनी १९४९ मध्ये उभं केलेलं कापडाचं संग्रहालय. खरं तर ही सगळी सहल पंतने त्यासाठी आखली होती. तिथे आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश नाही, आणि नोंदणी करायची जबाबदारी माझी होती. मी विसरले होते. हे मी तिला शुक्रवारी दुपारी, रिक्षात बसल्यावर सांगितलं. पुढची दहा मिनिटं इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मग रिक्षा नदीपलीकडे वळवली, साबरमती आश्रमाकडे. रागावलेल्या माणसाला न्यायला ती जागा चांगली. हृदयकुंजाच्या, म्हणजे गांधींच्या घराच्या, ओसरीवर बसलो. १९१७ पासून गांधींचा मुक्काम या काठावर होता. १२ मार्च १९३० ला इथूनच दांडीसाठी पावलं निघाली. शेजारच्या विनोबा-मीरा कुटीत आधी विनोबा राहिले, नंतर मीराबेन. आश्रमाच्या प्रार्थनेतला सूर लावला तो पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी, विष्णु दिगंबरांचे शिष्य. ते दांडीयात्रेतही होते. चार्ल्स कोरियांनी १९६३ मध्ये बांधलेलं संग्रहालय मला त्या घरांइतकंच आवडलं. कौलारू चौकोन, मधे पाणी, काच कुठेच नाही, वारा आरपार. पंतचा राग तिथल्या बाकावर अर्धा तास बसल्यावर उतरला. पूर्ण नाही.

रात्री माणेकचौक. सकाळी इथे भाजी आणि गाईंना चारा, दुपारी सोन्याचांदीचे सौदे, आणि पेढ्यांची शटरं पडली की त्याच जागेवर टेबलं, खुर्च्या, तवे. लोण्यात बुडणारी पावभाजी, चीजचे डोंगर, आणि ते अतर्क्य चॉकलेट सँडविच. इथलं खाणं मला विशेष वाटलं नाही, सगळ्यावर चीज किसलं की सगळं सारखंच लागतं. पण रात्री बाराला आजी, सून, कडेवर झोपलेलं बाळ असं अख्खं कुटुंब कुल्फी खायला येतं, ते बघत बसायला मजा आली. कुल्फीचे पैसे पंतने पाकिटातून दिले. "आता यात चारशे उरले," म्हणाली.

शनिवार

सकाळी लकी नावाच्या चहाच्या हॉटेलात मस्काबन आणि चहा. टेबलांच्या मधून हिरव्या रंगाच्या कबरी, त्यांना छोटी लोखंडी जाळी, वर ताजी फुलं. भिंतीवर चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी भेट दिलेलं चित्र. वेटर कबरींना वळसा घालून ट्रे नेतात, इतक्या सवयीने की आपल्यालाही पाच मिनिटांत त्याचं काही वाटेनासं होतं.

मग रायपूर दरवाज्याला, पतंगांसाठी. फुटपाथवर दोन खांबांमध्ये शेकडो धागे ताणलेले, गुलाबी, आणि एक माणूस हातात लुगदी घेऊन त्यावरून पुढे-मागे चालतोय. लुगदी म्हणजे काचेची पूड, भाताची खळ आणि रंग यांचा गोळा. त्याच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, पट्ट्याही गुलाबी. दिवसाला तो किती मैल चालत असेल, तेही त्याच सात-आठ पावलांत. मी नातवंडं नसूनही दोन डझन पतंग घेतले. मांजा घेतला नाही. पंतने एक रिकामी फिरकी घेतली, लाकडी, लाल-हिरवी. कशाला, विचारलं तर म्हणाली, "चारशेत बसली."

हॉटेल सोडताना झोपाळ्यावर शेवटचे दोन झोके. पाकीट रिकामं झालं होतं, वर 'चि. ताईस' असं लिहिलेलं. पंतने ते फाडलं नाही. त्यात बिल घडी करून ठेवलं आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

दुपारच्या गाडीत बसल्यावर तिने फोन काढला आणि दगडाचा सगळ्यात स्पष्ट फोटो भावाला पाठवला. खाली एक शब्द नाही. वडोदरा गेलं, दोन निळ्या खुणा उमटल्या. भरूच गेलं, नर्मदा गेली. पंत खिडकीतून बाहेर बघत खाखरा खात होती, अगदी शांतपणे. मीच दर पाच मिनिटांनी तिच्या फोनकडे डोकावत होते.

सुरत सोडल्यावर उत्तर आलं. अंगठा वर केलेला, आणि पुढे: "मस्त! कुठलं देऊळ गं ताई?"

पंतने फोन माझ्यासमोर धरला. आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या काकांनी कानातली हेडफोनची बोंडं काढली.

"काय लिहू?" तिने विचारलं, आणि वापी येईपर्यंत आम्ही त्यावर खाखऱ्याचं अख्खं पाकीट संपवलं.